अर्थाची पट्टी

आमच्या जुन्या गोठ्यात खुंटीला एक लोखंडी हँडल अडकवलेलं असायचं. दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली जाड सळई आणि एका टोकाला खाच. लहानपणी आम्हाला ते रहाटाचं वाटायचं. आजोबा म्हणायचे, "आरं, ते मोटारीचं हाय." आजोबा तरणेपणी एका गूळव्यापाऱ्याच्या पेट्रोल ट्रकवर किन्नर होते. सकाळी गाडीच्या नाकात ते हँडल घालायचं, पाय रोवायचे आणि जोर लावून फिरवायचं. इंजिनानं धरलं तर ठीक, नाहीतर परत.

"मूठ वळताना अंगठा पलीकडं न्यायचा न्हाई," आजोबा हाताने करून दाखवायचे. "चारी बोटांच्या अंगालाच ठेवायचा. इंजिन उलटं फिरलं तर हँडल हातातनं सुटाय पायजे. न्हाईतर मनगाट गेलंच." त्यांचं उजवं मनगट जरा तिरपं बसलेलं होतं. ते कशानं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

हे हँडल घालवणारा माणूस अमेरिकेतला. चार्ल्स केटरिंग त्याचं नाव. 1911 साली त्यानं बॅटरीवर चालणारी मोटर लावून इंजिन फिरवून दाखवलं आणि 1912 च्या कॅडिलॅक मोटारीला ती बसवून आली. त्या मोटरला आपण सेल्फ म्हणतो. ड्रायव्हरनं आपापलं बसल्या जागी इंजिन चालू करायचं, म्हणून सेल्फ. पण आमच्याकडच्या जुन्या पेट्रोल गाड्यांना सेल्फ असला तरी हँडल सीटखाली असायचंच. बॅटरीवर कुणाचा फारसा भरवसा नव्हता.

हँडलचा खरा निकाल लावला तो डिझेलनं. जमशेदपूरला टेल्को कंपनी 1945 साली निघाली होती, ती आधी रेल्वेची इंजिनं करायची. 1954 साली तिनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. त्या ट्रकांच्या तोंडावर तीन पाकळ्यांचा तारा असायचा. 1969 साली करार संपला, तारा गेला आणि 'टी' आला. पण आमच्याकडची म्हातारी माणसं पुढं कितीतरी वर्षं गाडीला 'बेंझ'च म्हणायची. तिकडं मद्रासला अशोक मोटर्सची 1955 साली अशोक लेलँड झाली. या दोन नावांनी आपल्याकडचे रस्ते भरून गेले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा दाबून दाबून इतकी तापवायची, की वरून डिझेलची फवार पडली की आपोआप पेट घ्यावा. त्यासाठी इंजिन नुसतं फिरून चालत नाही, जोरात फिरावं लागतं. हळू फिरलं तर दाबलेली हवा निवते आणि नुसता पांढरा धूर निघतो. सहा सिलिंडरचं तसलं इंजिन एका माणसाच्या हाताला दाद देत नाही. म्हणजे सगळा भार सेल्फवर आला. बॅटरी, तार आणि सेल्फ या तिघांतल्या एकानं दगा दिला, की एवढी थोरली गाडी म्हणजे रस्त्यात पडलेला धोंडा.

हे ट्रक आमच्या शिवारात आले ते उसामुळं. 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही त्यामागची माणसं. मग सांगली, सातारा, कोल्हापूरकडं एकेक धुराडं उभं राहत गेलं. ऊस तोडला की त्याला दम नसतो. पडून राहील तसं वजन घटतं, साखर घटते. जवळचा ऊस बैलगाडीनं जायचा, पण दहा-पंधरा कोसांवरचा ऊस बैलांनी कसा जाणार? तिथं ट्रक लागला. टोळीनं सकाळी तोडलेला ऊस रात्री काट्यावर पोचवायचा, हे ट्रकनं केलं.

त्यातलीच एक, 1974 सालची, सहा चाकांची जुनी गाडी 1983 साली आमच्या घरी आली. वडील आणि चुलते, म्हणजे आबा आणि नाना, यांनी भागीत घेतली. थोडं कर्ज काढलं, थोडं आईच्या आणि काकीच्या अंगावरचं गेलं. नाना चालवायचे. मी हिशोब बघायचो, कधी रात्रीची खेप न्यायचो. नानांचा धाकटा, तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा, किन्नर. आम्ही सगळे त्याला धाकट्याच म्हणायचो.

तीन हंगाम गाडीनं काही तक्रार केली नाही. 1986 च्या पावसाळ्यात पासिंगसाठी गाडी उघडली. क्लच करायला इंजिन-गिअरबॉक्स खाली घेतला, बॉडीचे पत्रे बदलले, चासीला काळा रंग मारला. दिवाळीनंतर गाडी नवरीसारखी नटून बाहेर पडली. आणि महिनाभरात सेल्फ रुसायला लागला.

आधी नुसता जड झाला. घुर्र, घुर्र करत कसाबसा फिरायचा. मग 'टक' असा एक आवाज यायचा आणि सगळं शांत. कधी 'टक-टक-टक-टक' असं सुतारपक्ष्यासारखं वाजत राहायचं. नाना म्हणाले, बॅटऱ्या गेल्या. आमच्या गाडीला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले होते. त्या तपासल्या तर खरंच उतरलेल्या होत्या. नव्या दोन घेतल्या. आठ दिवस बरे गेले, परत तेच.

मग कुणी म्हणालं, सेल्फ बसला. सेल्फ उतरवून तालुक्याला नेला. कार्बन बदलले, बुश बदलले, आर्मेचर नव्यानं भरलं. दुकानात बाकड्यावर लावून दाखवला तर भिंगरीसारखा फिरला. गाडीला लावला की परत 'टक'. दुसऱ्यांदा नेला, दुसऱ्यांदा पैसे दिले.

तिसरा शहाणा म्हणाला, दोष चावीच्या स्विचात आहे. त्याचं म्हणणं आम्हाला पटलं, कारण त्यानं खाली जाऊन सेल्फच्या डोक्यावरच्या सोलेनॉईडची जाड तारेची बोल्टी आणि बारीक तारेची बोल्टी स्क्रू ड्रायव्हरनं जोडली आणि सेल्फनं झटक्यात इंजिन फिरवलं. स्विच बदलला, बारीक तार नवी ओढली. फरक पडला नाही. पण स्क्रू ड्रायव्हरची युक्ती हाताला लागली. दहातल्या सहा-सात वेळा तरी ती चालायची. बाकीच्या वेळी दुसऱ्या गाडीनं ओढायचं, नाहीतर मुक्काम उतारावर करायचा. एकदा तर शेतातून रिकामी गाडी उताराच्या तोंडापर्यंत दोन बैलजोड्यांनी ओढून आणली. बैलांची जागा घ्यायला आलेली गाडी बैलांनी ओढलेली बघून टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

कारखान्याच्या रांगेत तर जास्तच हाल. पुढची गाडी दोन गाड्यांइतकी सरकली की आपल्यालाही सरकायचं असतं. सेल्फ लागला नाही की मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, बाजूनं घुसतात. म्हणून नाना रांगेत रात्रभर इंजिन चालूच ठेवायचे. डिझेल जळायचं, खेपेत काही उरायचं नाही, आणि कर्जाचा हप्ता तर ठरलेला.

त्या दिवसांत नाना एक गोष्ट दोन-तीनदा बोलले होते. इंजिन बंद करायला जुन्या गाडीत एक मुठीची तार ओढावी लागते. ती डॅशबोर्डवरून थेट डिझेल पंपापर्यंत गेलेली असते. नाना म्हणायचे, "सेल्फ मारला की ही मूठ कडक का लागती रं?" मी म्हणालो, इंजिनाची गरमी असेल. गार इंजिनाला कसली गरमी, एवढा साधा विचार मला सुचला नाही. सगळं उत्तर त्या मुठीत होतं.

जानेवारीतली एक रात्र. खेप टाकून मी गाडी घेऊन अकराच्या पुढं वस्तीवर आलो. हँडब्रेक नावालाच होता. आमचा नेम असा, की गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि चाकाखाली धोंडा लावायचा. त्या रात्री थंडी होती, अंग मोडून आलं होतं. धोंडा शोधायचा कंटाळा केला. पहिला गेर टाकला, बंद करायची मूठ ओढून परत आत ढकलली आणि झोपायला गेलो. कुणाला काही सांगितलं नाही.

पहाटे चारला धाकटा उठला. नाना येईपर्यंत इंजिन गरम करून ठेवावं, म्हणून मेन स्विच लावला आणि रोजच्यासारखा पुढच्या चाकामागून अंग आत घालून स्क्रू ड्रायव्हर टेकवला. नेमका त्या दिवशी सेल्फ जोरात लागला. गाडी गेरात असली की सेल्फ एकटाही तिला पुढं रेटतो. त्यात इंजिनानं धरलं. जुन्या डिझेल इंजिनाला चालायला चावी लागत नाही. पंपात डिझेल आलं की झालं. गाडी पुढं गेली ती उकिरड्यात रुतून बंद पडेपर्यंत. मी ओरडण्यानं जागा झालो. धाकट्याचं डावं पाऊल चाकाखालून गेलं होतं.

मिरजेला नेलं. जीव वाचला, पाय वाचला, तीन बोटं गेली आणि घोटा कायमचा आखडला. दवाखान्यात येणारे-जाणारे म्हणायचे, पोरगं न बघताच खाली घुसलं. मी ऐकून घेत होतो. गेर कुणी टाकला, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

तिथंच कुणीतरी एका म्हाताऱ्या वायरमन मिस्त्रींचं नाव सुचवलं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. इंग्रजांच्या काळातल्या गाड्यांपासून त्यांचे हात काळे झालेले. मी सगळी हकिकत सांगितली. बॅटऱ्या, सेल्फ, स्विच, अपघात. चाचांनी वायरिंगचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "गेरात कुणी ठेवली होती?"

मी म्हणालो, "मी."

चाचा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्तीवर आले. स्वतः केबिनमध्ये चढले, गेरचा दांडा डावी-उजवीकडं हलवून न्यूट्रल असल्याचं मला दाखवलं, चाकांना पुढून-मागून धोंडे लावायला लावले, बंद करायची मूठ बाहेर ओढून ठेवली, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन धरणार नाही. मग म्हणाले, "आता खाली जा. रोज असंच."

त्यांच्याकडं काट्याचा एक जुना मीटर होता. त्याची एक तार बॅटरीच्या मायनसला धरली, दुसरी मला सेल्फच्या अंगाला, रंग खरवडून, टेकवायला सांगितली. "आता सेल्फ मारतो. काटा बघ." खरं तर काटा जागचा हलायलाच नको, अर्ध्या व्होल्टाच्या आत राहायला हवा. तो सातावर गेला. मग त्यांनी बॅटरीच्या दोन टोकांत बघितलं तर एकवीस. सेल्फच्या जाड बोल्टीत आणि अंगात बघितलं तर तेरा. एकवीसातले आठ वाटेत गेले, त्यातले सात परतीच्या वाटेवर.

"करंट बॅटरीतनं निघतो, तसा बॅटरीत परत यायला लागतो बेटा," चाचा म्हणाले. "तुम्ही जायाची वाट तीनदा बघितली. यायाची बघितली का?"

इथं थोडं मागं जावं लागेल. घरात दिव्याला दोन तारा असतात, गाडीत एकच असते. दुसऱ्या तारेचं काम गाडीच्या लोखंडाकडून करून घेतात, त्यात तांबं वाचतं. यालाच अर्थ म्हणतात. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत बॅटरीचा प्लस चासीला बांधलेला असायचा, जर्मन वळणाच्या गाड्यांत मायनस. चाचा म्हणायचे, नवी गाडी आली की आम्ही आधी हेच बघायचो, नाहीतर डायनामो जळायचा. पण कुठलाही बांधा, एक अडचण राहतेच. इंजिन चासीवर थेट बसत नाही, रबरावर बसतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी लावतात. सेल्फ इंजिनाला बोल्ट केलेला असतो. त्यानं ओढलेला शेकडो अँपियर करंट त्या एका पट्टीतून परत जातो.

आमची पट्टी चाचांनी दाखवली. निम्मी तुटलेली, उरलेली हिरवी पडलेली. आणि चासीवर ती बसवली होती ती नव्या काळ्या रंगावर. गिअरबॉक्स परत चढवताना कुणीतरी बोल्ट आवळला होता, पण खालचा रंग खरवडला नव्हता. वरून चिखल. गाडीचा दोष नव्हता, सेल्फचा नव्हता, बॅटरीचा नव्हता. बोल्टाखालची जागा घासून लोखंड उघडं करायचं एक मिनिटाचं काम राहिलं होतं.

मग एकेक गाठ सुटत गेली. हेडलाईट झक्क लागायचे, कारण त्यांची परतीची वाट चासीतून होती, इंजिनातून नव्हती. सेल्फ मारताना ते फारसे मंदही व्हायचे नाहीत. नव्या बॅटऱ्या उतरायच्या, कारण डायनामोही इंजिनावरच असतो, त्याचं चार्जिंगही त्याच रोगट पट्टीतून यायचं. स्क्रू ड्रायव्हर लावला की सेल्फ उचलायचा, कारण लांबच्या बारीक तारेत आणि स्विचात जाणारा थोडा व्होल्ट तेवढा वाचायचा. दोष स्विचात नव्हता, पण दुखण्यावर तेवढा उतारा पडायचा. आणि ती गरम होणारी मूठ! मोठी वाट बंद झाल्यावर करंट जिथून फट मिळेल तिथून परत निघाला होता. पंपावरून, बंद करायच्या तारेच्या लोखंडी वेटोळ्यातून, डॅशबोर्डवर. ती तार चुलीतल्या सळईसारखी तापत होती.

दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकात ओहमचा नियम मी पाठ केला होता. परीक्षेत लिहिलाही होता. पण तो उसाच्या गाडीला लागू आहे, हे चाचांनी कळवलं. सेल्फनं तीनशे अँपियर ओढला आणि वाटेत ओहमचा फक्त पन्नासावा भाग अडथळा असला, तरी सहा व्होल्ट गेले. तोच अडथळा दोन अँपियरच्या बल्बला लावला तर शंभरातले चार भाग व्होल्टही जात नाही. म्हणून नुसता टेस्ट लँप लावून बघणारा फसतो. बल्ब लख्ख पेटतो आणि सेल्फ मरतो. सेल्फचा रोग सेल्फ मारतानाच बघावा लागतो.

चाचांनी तुटकी पट्टी काढली, चासीची जागा पॉलिश पेपरनं चांदीसारखी घासली, नवी पट्टी दोन्ही टोकांना कानासकट आवळली, वरून ग्रीस लावलं. पट्टीची किंमत चार लिटर दुधाच्या पैशाएवढी. सेल्फ मारला तर पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. नाना मुठीला हात लावून बसले होते. मूठ गार होती. आम्ही कुणी हसलो नाही.

जाताना चाचांनी तपासायचा क्रम सांगितला, तो मी हिशोबाच्या वहीत लिहून ठेवला. आधी गेर, मग धोंडा, मग मूठ. त्यानंतर बॅटरीची टोकं: पांढरी भुकटी आली असेल तर गरम पाण्यानं धुवायची, हातानं हलली नाही पाहिजेत. मग आवाज ऐकायचा. काहीच आवाज नाही, तर करंट सोलेनॉईडपर्यंत पोचत नाही. मेन स्विच, चावी, बारीक तार बघायची. टक-टक वाजतं, तर करंट पोचतो पण पुरत नाही. बॅटरी आणि दोन्हीकडच्या जाड तारा बघायच्या. एकच टक आणि सगळं ठप्प, तर आधी अर्थ बघायचा, मग सोलेनॉईडच्या आतले जळके ठोकळे. सेल्फ फिरतो पण इंजिन फिरत नाही, तर वायरिंगला हात लावायचा नाही. दातरी किंवा फ्लायव्हीलची रिंग गेलेली असते. आणि पैसे खर्चून काही बदलायच्या आधी जायची आणि यायची, दोन्ही वाटा मीटरनं बघायच्या.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात धाकट्याजवळ बसलो. पट्टीचं सगळं सांगितलं. मग गेरचंही सांगितलं. तो बराच वेळ छताकडं बघत होता. मग म्हणाला, "मला ठावं हाय दादा. सांजच्याला गाडी गेली तवा धोंडा मीच उचलून बांधाला टाकला हुता. तुला घावला नसंल." मला घावला नव्हता हे खरं नाही, मी शोधलाच नव्हता. तेही सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही.

गाडी आम्ही 1994 साली विकली. आता उसाला ट्रॅक्टर-ट्रॉल्या जास्त, आणि गाड्या अशा आल्यात की क्लच दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही. पण जुने ट्रॅक्टर अजून घराघरात आहेत आणि त्यांच्या सेल्फवर स्क्रू ड्रायव्हर टेकवणारी पोरंही आहेत. धाकटा आता साठीकडं आला. डावा पाय जरा ओढतच चालतो. रस्त्यानं जाताना कुणी ट्रॅक्टरखाली वाकलेलं दिसलं, की तो लांबूनच ओरडतो, "ए, गेर बघ आधी!" पोरं म्हणतात, बघितलाय काका. तरी तो जवळ जातो, स्वतः दांडा हलवून बघतो, आणि मगच पुढं जातो.